सर्जेरावाचा खुराक

आमच्या घरात बदाम पैलवानांसाठी असत. पैलवान म्हणजे आबांच्या तालमीतले पठ्ठे, आणि सर्जेराव. सर्जेराव हा पोपट होता. पठ्ठ्यांचं आणि पोपटाचं झाल्यावर कधी चार बदाम उरलेच तर ते वाटीत झाकून ठेवले जात, कारण उद्या पुन्हा पठ्ठे आणि पोपट खाणारच असत. मी त्या घरातली तेरा वर्षांची मुलगी. माझ्या वाट्याला शेंगदाणे आणि गूळ येई, आणि ते खाणं वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण हे प्रकरण चोरीचं आहे आणि ती चोरी मी केली. ती सांगताना मी कुठेही माफी मागणार नाही. ज्यांना आठवणींच्या पुस्तकात पश्चात्ताप लागतो, त्यांनी पुढचं प्रकरण काढावं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पहाटे आधी आबा उठत, मग त्यांची कुंडी, आणि त्यानंतर कोंबडे. ती दगडी कुंडी मांडीत धरून, लिंबाच्या दांड्यानं भिजवलेले बदाम वाटताना जो घरघर आवाज होई, त्यावर आमच्या गल्लीतली घड्याळं लावली जात. आबांचे कान कुस्तीत मोडून मोदकासारखे झाले होते, मान आणि डोकं यांच्यात सीमारेषा नव्हती, आणि त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली होती, पण पेठेत त्यांना सगळे वस्तादच म्हणत. वडील त्यांचे धाकटे भाऊ. वडिलांची सरकारी कचेरीत नोकरी होती आणि घरात कसलाही वाद निघाला की ते जेवत असत. वाद लांबला तर ते आणखी भात मागून घेत. घर चालवायची ती आई, आणि घर आपण चालवतो असा आबांचा समज टिकवून ठेवण्याचं कामही तिच्याचकडे होतं.

सर्जेराव आला तेव्हा पिल्लू होता. मुरगूडकडच्या एका पठ्ठ्यानं झाडाच्या ढोलीतून पडलेला तो गोळा टॉवेलात गुंडाळून आणला होता. आबांनी त्याला तळहातावर घेतला आणि त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यात जे काही मऊ होतं ते सगळं त्या पिंजऱ्यात गेलं. नाव ठेवलं सर्जेराव, कारण आबांना नावं ठेवायची सवय बैलांची आणि पैलवानांचीच होती. आता माणूस ज्याच्यावर जीव लावतो त्याला आपल्याला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं खाणं घालतो. आबांना एकच चांगलं खाणं ठाऊक होतं. त्यांनी पोपटाला खुराक लावला.

सकाळी दूध-बदामाची थंडाई, वाटीभर नव्हे, पण पोपटाच्या मानानं घागरभर. दुपारी मलिदा, म्हणजे तुपात आणि गुळात कुस्करलेली चपाती. संध्याकाळी आबा सायकलीच्या दांडीला पिंजरा अडकवून दूध कट्ट्यावर जात. तिथे म्हशी उभ्या असत आणि गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास हातात देत. त्या ग्लासावरचा फेस आबा बोटानं सर्जेरावाला चाटवत. भोवती माणसं जमत. आल्यागेल्याचं खाणं वेगळंच. कुणी भडंग घाली, कुणी चहात बुडवलेलं बिस्कीट, आणि रविवारी पांढऱ्या रश्श्यातलं हाड पिंजऱ्यात गेलं नाही तर आबांना स्वतःचं जेवण गोड लागत नसे. पावणं आलं की म्हणत, "वस्ताद, असला पोपट कोल्हापूर सोडून कुठं बघायला मिळायचा न्हाय." हे वाक्य किती शब्दशः खरं आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात आलं, कारण पिंजरा धुण्याचं आणि खुराक भरवण्याचं काम माझ्याकडे होतं. सर्जेराव आबांना सोडून फक्त माझ्याच हातावर येई, आणि घरात ज्या कामाला मान नसतो ते काम मुलीकडे येतं हा दुसरा भाग. पाचव्या वर्षापर्यंत त्याच्या छातीवर पिसांखाली पिवळसर चरबीची गाठ आली होती. चोच वाढून वाकडी झाली होती. पिसांचा हिरवा रंग जाऊन त्यात काळ्या रेघा दिसू लागल्या होत्या, आणि दांडीच्या या टोकावरून त्या टोकाला गेला की तो चोच उघडी टाकून धापा टाकी. उडणं तर त्याला ठाऊकच नव्हतं. मी हे आबांना सांगितलं. ते हसले. "अंग आलंय त्याला. जड पैलवान दमतोच की. कसा गरगरीत झालाय बघ." एका दुपारी तो दांडीवरून खाली पडला. ओला फडका पडावा तसा आवाज झाला. तो पिंजऱ्याच्या तळाशी पंख पसरून पडून राहिला आणि आबांनी, देवाशपथ सांगते, त्याला बाहेर काढून दोन बोटांनी त्याच्या पाठीला तिळाचं तेल चोळलं. मालीश. संध्याकाळी तो उठून बसला तेव्हा मालिशीचा गुण आला असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या वाटेनं निघाले आणि पिंजऱ्यावर ओढणी टाकून जनावरांच्या दवाखान्यात गेले. माझ्यापुढे तीन म्हशी आणि एक बोकड होता. डॉक्टर कुरुंदवाडचे होते, बारीक चणीचे, कोपरापर्यंत हात धुऊन घेत म्हणाले, "काय आणलंयस? कोंबडी?"

"पोपट."

"काय खातो?"

मी सांगू लागले. थंडाईपर्यंत ते लिहून घेत होते, मलिद्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पांढऱ्या रश्श्याला खुर्ची ओढून बसले.

"हे पोपटाचं सांगतीयास का घरातल्या कुणा माणसाचं?"

"पोपटाचंच. आमचे आबा वस्ताद हायत."

"व्हय, ते कळलंच." त्यांनी सर्जेरावाला फडक्यात धरून त्याच्या पोटावर बोट दाबलं. "शिवारात पोपट बघितलायस का कधी?"

"ज्वारीच्या कणसावर बसत्यात. पेरूवर बसत्यात."

"म्हशीच्या आचळाखाली बसलेला बघितलायस?"

"न्हाय."

"मग ह्याला दूध कुणी सांगितलं? पाखराला दूध पचत न्हाय. त्याची आई काय त्याला दूध पाजती? ह्याचं काळीज चरबीनं भरलंय बघ. असंच खात राहिला तर हा दिवाळी बघायचा न्हाय."

त्यांनी औषधाच्या कागदामागे लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं. ज्वारी आणि राळं, पण मुठीनं नव्हे, चिमटीनं. मटकी आणि मूग मोड आलेले. पेरू बिनमिठाचा. ढबू मिरची, हिरवी मिरची, गाजर, कारलं, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, आणि हे सगळं दाण्यापेक्षा जास्त. सफरचंद दिलंच तर बी काढून. तूप, दूध, चहा, मीठ, साखर, तळलेलं, कांदा बंद. सकाळचं पाणी संध्याकाळी ओतून द्यायचं. "आणि बदाम?" मी विचारलं. "आठवड्यातनं एखादा, बक्षीस म्हणून. रतीब न्हाय." मी निघताना त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि एकदम बदलू नको. पोपट माणसापेक्षा हट्टी. ओळखीचं दिसलं न्हाय तर उपाशी बसंल पण खायचा न्हाय. आधी थोडं मिसळ, मग वाढीव."

हल्ली मी ज्या इमारतीत राहते तिथे खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी परदेशी पोपट पाळला आहे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. आमच्या वेळी तो गुन्हा आहे हे कुणी मानत नव्हतं, एवढंच. हे गृहस्थ पक्ष्याला वेफर आणि चॉकलेट भरवतात आणि त्याचे व्हिडिओ काढतात. मी त्यांना चॉकलेट पाखराला विष असतं असं सांगितलं. ते म्हणाले, "पण त्याला आवडतं हो काकू." मी म्हटलं, तुम्हाला तंबाखू आवडते म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे का? तेव्हापासून ते जिन्यानं जातात. माझं काही बिघडलं नाही, लिफ्ट मोकळी मिळते.

तर मी घरी आले आणि प्रामाणिकपणाचा प्रयोग केला. तो कागद आबांपुढे ठेवला. आबांनी तो लांब धरून वाचला, वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग तो घडी करून मला परत दिला. "म्हशीच्या डाक्टरला खुराकातलं काय कळतंय? मी चाळीस पठ्ठं तयार केलं. पाला खाऊन पैलवान झालेला एक तरी दाखव." वडिलांनी भात मागितला. आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "वस्तादांना शिकवायला जाऊ नको." तिनं एवढंच सांगितलं. पोपटाला पाला घालू नको, असं ती म्हणाली नाही, आणि मी शब्द मोजून ऐकणारी मुलगी होते.

त्या पावसाळ्यात आबांचा गुडघा धरला होता. सायकल सुटली, दूध लोट्यातून घरी येऊ लागलं, आणि तिन्ही वेळचा खुराक माझ्या एकटीच्या हाती आला. माझी पहिली चूक उतावळेपणाची. डॉक्टरांनी सांगितलेलं विसरून मी पहिल्याच दिवशी मलिदा बंद केला आणि वाटीत मटकी ठेवली. सर्जेरावानं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. दीड दिवस त्यानं चोच उघडली नाही. त्या दीड दिवसात मी जेवले नाही. मग मलिद्यात मटकीचे चार दाणे दडवून दिले. मलिदा खाऊन दाणे त्यानं एकेक करून माझ्या अंगावर फेकले. पाचव्या दिवशी एक दाणा फेकायच्या आधी त्यानं चावून पाहिला. दोन आठवड्यांनी मलिदा वाटीच्या कडेला लागण्यापुरता उरला आणि महिन्यानं तोही संपला. मटकीला मोड आणायला कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. राळं आईच्या माहेराहून मुरगूडहून येई, भातासाठी. शेवगा परसात होता. पेरूच्या गाडीवाल्याकडे मी बिनमिठाचा, बिनतिखटाचा पेरू मागू लागले तेव्हा तो मला आजारी समजून हळू आवाजात बोलू लागला.

प्रश्न राहिला खुराकाचा. आबा रोज पहाटे बदाम वाटत होते, आणि तो खुराक कुठेतरी जायला हवा होता. पहिल्या दिवशी मी थंडाई मोरीत ओतली. मोरीला दुपारपर्यंत बदामाचा वास येत राहिला. ज्या घरात मुलीनं बदाम मागितला असता तर तिला तो का लागतो असं विचारलं गेलं असतं, त्या घरातली मोरी बदाम पीत होती. दुसऱ्या दिवशी वाटी हातात घेऊन मी मोरीपाशी उभी राहिले आणि ती प्याले.

ती चव मी नीट सांगू शकत नाही, आणि इतकी वर्षं प्रयत्न करते आहे. थंड, दाट, तळाशी वेलदोड्याची पूड. माझ्या आधी त्या घरातल्या कुठल्याही बाईनं ती चव घेतली असेल असं मला वाटत नाही. कुंडी धुतली आईनं, बदाम सोलले आईनं, म्हणजे तिच्या वाट्याला नखांत अडकलेल्या साली तेवढ्या येत. मी दुपारचा मलिदाही खाऊ लागले आणि संध्याकाळचं दूधही. एक दिवस मी परसातून आत आले तर आई पीठ मळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "तोंड पूस. तूप लागलंय." मी पदराला तोंड पुसायला तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "माझ्या पदराला नको, वास राहतो." त्या दिवसापासून मलिद्याची वाटी जरा मोठी येऊ लागली. मी ती उचलून परसात नेई तेव्हा आई दाराकडे पाठ करून उभी असे. एकदा मी अर्धी वाटी तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "चल, काय बी." पण घास घेतला, आणि डोळे मिटून खाल्ला.

दसरा जवळ आला तोपर्यंत माझ्या झंपराच्या शिवणी दोनदा उसवून सैल केल्या होत्या आणि सर्जेरावाच्या छातीवरची गाठ हाताला लागेनाशी झाली होती. तो पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागला. वाढलेली चोच गाजरावर घासून घासून बरीच सरळ झाली. सकाळी मी पिंजरा उघडला की तो दांडीला घट्ट धरून पंखांची अशी फडफड करी की वाटीतलं राळं उडे. मला वाटलं होतं की हे पाहून आबांचे डोळे उघडतील. आबांना भलतंच दिसलं. "सर्जेराव उतरला," ते आईला म्हणाले. "पोरगी बघ कशी अंगानं भरली, आणि माझा सर्जेराव वाळला. कुणाची तरी नजर लागली." त्यांनी पिंजऱ्याला लिंबू-मिरची बांधली. सर्जेरावानं मिरच्या खाल्ल्या.

मग त्यांनी निर्णय सांगितला. चार दिवसांनी तालमीचा वार्षिक समारंभ होता. तो झाला की खुराक दुप्पट, आणि भरवायचा आबांनी स्वतःच्या हातानं, समोर बसवून. "लेकराचा हात हलका. माझीच चूक झाली," ते म्हणाले, आणि वाईट हे की त्यांना मला दोष द्यायचा नव्हता. मी त्या दुपारी परत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सर्जेरावाचं पोट दाबून पाहिलं, माझी पाठ थोपटली आणि माझा प्रश्न ऐकून हात काढून घेतला. "पुन्हा ते खाणं सुरू झालं तर ह्या खेपेला उठायचा न्हाय," ते म्हणाले. "काळीज एकदाच माफ करतंय."

तालमीच्या समारंभाची एक रीत होती. पठ्ठ्यांना बक्षिसं देण्याआधी प्रमुख पाहुण्यानं सर्जेरावाला मलिद्याचा पहिला घास द्यायचा, मग थंडाईचे पेले फिरायचे. तालमीच्या कौलारू इमारतीत मधे लाल मातीचा हौदा, भोवती चार पावलांची फरशी, आणि त्या फरशीवर त्या दिवशी खुर्च्या मांडलेल्या. पाहुणे एका साखर कारखान्याचे चेअरमन होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. ते ठरल्या वेळेनंतर दीड तासानं आले, त्यामुळे मोठे पाहुणे आहेत हे सिद्ध झालं. त्यांचा सत्कार झाला. त्यांचा सत्कार ज्यांनी केला त्यांचा सत्कार झाला. ज्यानं सर्वांना फेटे बांधले त्याला नारळ मिळाला, आणि नारळ ज्यानं आणले तो तेवढा हिरमुसला राहिला. मग साहेब लाल माती आणि ऊस यांच्या नात्यावर बोलले. ते नातं पाऊण तास चाललं. मी पिंजरा मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. एकटी मुलगी. एरवी मुलींना दारापर्यंतच परवानगी असे. आज पिंजरा धरायला म्हणून मी आत होते.

आबांनी खूण केली. मी पिंजरा घेऊन पुढे गेले. साहेबांनी तबकातून मलिद्याचा लिंबाएवढा गोळा उचलला, तूप त्यांच्या मनगटावरून घड्याळाकडे निघालं होतं. फोटोवाला वाकला. मी पिंजऱ्याचं दार माझ्याकडे फिरवलं.

"पोरी, दार इकडं कर," साहेब म्हणाले.

"न्हाय."

"काय म्हणाली ही?"

"त्याला द्यायचं न्हाय. त्याला सोसत न्हाय."

साहेब हसले, फोटोसाठी हसतात तसे. "माझ्या हातचा घास सोसत न्हाय?"

"तूप सोसत न्हाय. हात कुणाचा का असंना."

"अगं, आमच्या हातचं खायला माणसं रांगा लावत्यात."

"मग त्यास्नी द्या की."

मागच्या रांगेतल्या पठ्ठ्यांमध्ये कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकू लागलं. आबा माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. चारचौघांत त्यांना कुणी पाडलं नव्हतं, आणि आता पाडत होती ती घरातली पोर. "दार फिरीव," ते हळू म्हणाले.

"तुम्ही मला काय बी करा. दार फिरवायची न्हाय."

"सर्जेराव वाळलाय गं. खुराकाबिगर मरंल."

"तीन महिनं झालं त्यानं खुराक खाल्लेला न्हाय आबा. म्हणून जगलाय."

आबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत. वस्तादाची नजर अंग पाहून खुराक ओळखते.

"मग खाल्ला कुणी?"

"मी."

आता हसू दाबणं पठ्ठ्यांच्या आवाक्याबाहेर गेलं. साहेबांनी मलिद्याचा गोळा परत तबकात ठेवला आणि हात पुसायला रुमाल शोधू लागले. आबा हसले नाहीत. त्यांनी तेच केलं जे ते कुठल्याही पठ्ठ्याबाबत तक्रार आली की करत. तालमीत कोण तयारीत आहे आणि कोण उतरलाय हे तोंडानं ठरत नसे. "हौद्यात आण," ते म्हणाले. "दारं-खिडक्या लावून घ्या रं. पैलवान मातीत दिसतो. आणि पाखरू उडताना. उडाला तर तुझं खरं. न्हाय तर आजपासनं माझ्या हातानं."

मुलींनी हौद्यात पाय ठेवायचा नाही असा तालमीचा नियम होता. तो त्या क्षणी माझ्याखेरीज कुणालाच आठवला नाही. मी चपला काढल्या आणि मातीत उतरले. ती तेल आणि ताक घालून मळलेली माती पायाला गार आणि मऊ लागली. पण सर्जेरावाला उडताना मी कधीही पाहिलं नव्हतं. फडफड पाहिली होती. फडफड म्हणजे उडणं नव्हे, हे शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धांत मी शिकले होते. मी पिंजरा मधोमध ठेवला आणि दार उघडलं.

तो बाहेर आला. पिंजऱ्यावर चढून बसला. डाव्या पंखाचं एक पीस चोचीत धरून शेवटपर्यंत साफ केलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "बसला ह्यो." आबांचे डोळे मिटल्यासारखे झाले, आणि मला तेव्हा कळलं की तो उडावा असंच त्यांनाही वाटत होतं, हरले तरी चालेल इतकं. मग सर्जेराव खाली दबला आणि उडाला. पहिल्यांदा वाकडा, खुर्च्यांच्या डोक्यावरून, फेटे खाली वाकवत; मग भिंतीपाशी वळून सरळ वर, थेट मधल्या तुळईवर. गोष्टीत असतं तर तिथून तो साहेबांच्या फेट्यावर शिटला असता. तसं काही झालं नाही. आयुष्याला तेवढी चव नसते. तो तुळईवर बसून धापाही टाकत नव्हता.

अर्धा तास तो खाली आला नाही. साहेब निघून गेले, बक्षिसं त्यांच्या पाठीमागे वाटली गेली. मी मिरची दाखवली, कोथिंबीर दाखवली. त्यानं मान तिरकी केली. शेवटी आबांनी खिशातून एक बदाम काढला आणि हौद्याच्या मध्यावर उभे राहून तळहात वर केला. तो आला. बदामासाठी कोण येणार नाही. एक फेरी घालून तो आबांच्या मनगटावर उतरला आणि आबांचा हात जरा हलला, कारण ते जुन्या वजनाच्या तयारीनं उभे होते. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या छातीवरून फिरवलं. पैलवान चाचपतात तसं, हाड, मांस, पुन्हा हाड. मग त्याच्या पंजांकडे पाहिलं, मनगटाच्या कातडीत रुतलेल्या. सर्जेराव तळहाताकडे झुकला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "एक दिला तर?"

"ह्या आठवड्याचा झालाय," मी म्हणाले. मीच दिला होता, सोमवारी.

आबांनी मूठ मिटली. सर्जेरावानं आधी चोचीनं बोटं उचकून पाहिली, मग रागानं तर्जनीत चोच रोवली. रक्त आलं, मातीत पडलं. पठ्ठे पुढे धावले. आबांनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. "चावू दे," ते म्हणाले. "आधी चावत नव्हता." त्यानं पुन्हा रोवली, आणि पुन्हा. आबांनी मूठ काही उघडली नाही.